गप्प बसलं की पैसे जातात

पूर्वी घरी पोस्टाने मासिक यायचं तेव्हा वेष्टनावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली असायची, आणि तिच्यावरच कोपऱ्यात वर्गणी कधी संपते ते छापलेलं असायचं. संपत आली की अंकातून एक छापील कागद पडायचा, आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे, पुढील वर्षाची रक्कम मनीऑर्डरने पाठवावी ही विनंती. पाठवली तर पुढचा अंक यायचा, नाही पाठवली तर नाही यायचा, विषय संपला. काहीच केलं नाही तर वर्गणी बंद, इतका सरळ मामला होता.

आता हे बरोब्बर उलटं झालंय. काहीच केलं नाही तर वर्गणी चालू, पैसे कार्डावरून आपोआप कापले जातात, आणि बंद करायची तर आपणच उठायचं, ती कंपनी शोधायची, लॉगिन करायचं, पासवर्ड आठवत नसतो तो नवीन घ्यायचा, आणि मग चार पानं ओलांडून प्रत्येक पानावर "हो, मला खरंच बंद करायचंय" असं सांगत जायचं. पैसे मागायला कंपनीला आपल्या दारात यावं लागत नाही, ते नको म्हणायला आपल्याला तिच्या दारात जावं लागतं. बाकी तांत्रिक गोष्टी कितीही असोत, मुळात बदललंय ते हेच, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो तर ज्यांना मोबाईलवर ही दारं शोधता येत नाहीत त्यांना.

मी आयुष्यभर एका कंपनीत अकाउंट्सला होते, त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले ज्येष्ठ लोक बँकेचं काहीही आलं की माझ्याकडे येतात. हल्ली सगळ्यात जास्त येतात ती क्रेडिट कार्डची स्टेटमेंटं. "ताई, हे बघ गं जरा, हे कसले पैसे गेलेत कळत नाही." मला हे काम मनापासून आवडतं. आकडे जुळवायचीच सवय आहे म्हणून असेल, पण त्याहून जास्त म्हणजे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची ती धास्ती, की आपल्याला कुणीतरी लुटतंय आणि आपल्याला पत्ताच नाही, ती घालवता येते म्हणून.

समोरच्या विंगमधल्या काकांचं सांगते. वय सत्त्याहत्तर, पेन्शनवर, रोजचा खर्च डायरीत लिहिणारे, अगदी कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत. त्यांचं स्टेटमेंट ईमेलवर येतं आणि त्या पीडीएफला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख असला काहीतरी, तो त्यांना जमत नाही म्हणून कित्येक महिने स्टेटमेंट उघडलंच नव्हतं. एकूण बिल किती ते मेसेजमध्ये येतं, ते भरून टाकायचे. मी ते उघडून दिलं, त्यांनी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली, आणि आम्ही डायनिंग टेबलवर बसलो, एका बाजूला त्यांची डायरी, एका बाजूला स्टेटमेंट. डायरीत सापडलं की ते लाल पेनने बरोबरची खूण करायचे. औषधं, खूण. वीजबिल, खूण. नातवाच्या वाढदिवसाचं गिफ्ट, खूण. शेवटी तीन ओळींना खूण नव्हती. नावं सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत, अर्ध्यात तोडलेली, दोन शब्द चिकटलेले, वाचून कुणालाही काही बोध होणार नाही.

पहिली ओळ होती अँटिव्हायरसची. ज्या लॅपटॉपसाठी ते घेतलं होतं तो केव्हाच भंगारात गेला होता आणि अँटिव्हायरस दर वर्षी इमानाने रिन्यू होत होतं. दुसरी एका तब्येतीच्या अॅपची, ब्लड टेस्टवर सूट मिळते म्हणून एक रुपयात ट्रायल घेतली होती, तिचे आता दर महिन्याला २९९ जात होते. तिसरी ओळ खुद्द बँकेकडूनच होती, कार्ड हरवलं तर संरक्षण देणारा कुठलासा प्लॅन, फोनवर कुणी मुलगी गोड बोलली आणि काका "हो हो" म्हणाले असतील, तो दर वर्षी आपोआप पुढे चालला होता.

काका म्हणाले, "पण मी तर कुणाला ओटीपी दिला नाही." आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने खरंच होतं. गोम इथेच आहे. ओटीपी दिला होता तो त्या एका रुपयाच्या वेळी. तो ओटीपी नुसत्या एका रुपयाचा नव्हता, तो पुढच्या सगळ्या कापण्यांना दिलेला होकार होता. बँकेच्या त्या मेसेजमध्ये तसं लिहिलेलंही असतं, ई-मँडेट रजिस्ट्रेशन किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असे शब्द असतात, म्हणजे दर वेळी न विचारता पैसे कापायची परवानगी, पण ओटीपी टाकायला वेळ मोजून दिलेला असतो, आपण सहा आकडे बघतो आणि टाकतो. आजूबाजूचं वाचायला कोण थांबतंय.

आता याबाबतीत आपल्याकडचा कायदा काय सांगतो ते नीट माहीत असायला हवं, कारण आपल्याकडचे नियम खरंच चांगले आहेत, वापरतच नाही कुणी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये कार्डवरच्या अशा आपोआप कापण्यांसाठी पहिल्यांदा चौकट आखली. सुरुवातीला मर्यादा होती २,००० रुपये, म्हणजे तेवढ्यापर्यंतची रक्कम पहिल्या नोंदणीनंतर ओटीपीशिवाय जाऊ शकेल. जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली. बँका आणि कंपन्यांची तयारी होईना म्हणून मुदतवाढ मिळत गेली आणि शेवटी १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम खऱ्या अर्थाने लागू झाला. तेव्हा केवढा गहजब झाला होता आठवतंय का, कुणाचं ओटीटी बंद पडलं, कुणाचं क्लाउड स्टोरेज अडकलं, आणि सगळे रिझर्व्ह बँकेच्या नावाने बोटं मोडत होते की काय ही कटकट, चाललं होतं ते छान चाललं होतं. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की रिझर्व्ह बँकेने त्या वेळी अगदी योग्य केलं. ती कटकट ज्यांना झाली त्यांना दोन मिनिटांत परत चालू करता आलं, पण ज्यांचे पैसे नकळत जात होते त्यांना पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

पुढे जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० वर गेली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विम्याचे हप्ते आणि क्रेडिट कार्डाचं बिल या तीन गोष्टींसाठी एक लाखापर्यंत. शेवटचं ठीक आहे, एसआयपी आणि विमा चुकू नयेत. पण एरवीसाठी १५,००० मला जास्तच वाटतात. ज्या माणसाची महिन्याची पेन्शन पंचवीस-तीस हजार आहे त्याच्या कार्डावरून ओटीपी न विचारता पंधरा हजार जाऊ शकतात हे मला पटत नाही. नियमात खरं तर असं आहे की रक्कम बदलती असेल तर जास्तीत जास्त किती हे कार्डधारकाने ठरवायचं. प्रत्यक्षात नोंदणीच्या पानावर तो आकडा आधीच भरलेला असतो आणि बघावं तर पूर्ण १५,०००. काकांच्या त्या २९९ वाल्या अॅपच्या मँडेटवर हाच आकडा होता.

या सगळ्या नियमांतला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे तो आधी येणारा मेसेज. पैसे कापायच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवलंच पाहिजे, कोण कापणार, किती कापणार, कधी कापणार, कशासाठी. आणि तो मेसेज वाचून तुम्ही त्या एकाच वेळचे पैसे थांबवू शकता किंवा ते मँडेटच कायमचं काढून टाकू शकता. शिवाय कधीही, अगदी मेसेज आलेला नसतानाही, मँडेट ऑनलाइन काढून टाकायची सोय बँकेने द्यायलाच हवी, आणि या सुविधेसाठी तुमच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही. त्यासाठी त्या कंपनीची परवानगी लागत नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण कस्टमर केअरला फोन केला की पुष्कळदा "तुम्ही मर्चंटशी बोला", म्हणजे पैसे घेणाऱ्या कंपनीशी, असं सांगून फोन ठेवतात. मर्चंटशी बोलायचंच आहे, पण कार्डावरचं मँडेट काढायची सोय देणं हे बँकेचंच काम आहे.

पण हा मेसेज वाचतो कोण? काकांच्या फोनमध्ये मी बघितला. आला होता, बिनचूक, आदल्या दिवशी. वर कर्ज घ्या म्हणून सांगणारा मेसेज, खाली गॅस बुकिंगचा, मध्ये हा, इंग्रजीत, लांबलचक, शेवटी एक लिंक. आणि इथे एक खरी पंचाईत आहे. आम्हीच सगळ्या ज्येष्ठांना कानीकपाळी ओरडून सांगितलंय की मेसेजमधल्या लिंकवर जायचं नाही, ओटीपी कुणाला द्यायचा नाही. आणि आता पैसे थांबवायचे तर त्याच लिंकवर जायचं आणि वर ओटीपीही टाकायचा, कारण थांबवायलाही ओटीपी लागतो असा नियमच आहे. शिवाय भामटे अगदी असेच मेसेज पाठवतात, "तुमचे ४,९९९ उद्या कापले जातील, थांबवायला इथे क्लिक करा". माणूस गांगरणार नाही तर काय.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, मेसेज ही सूचना म्हणून वाचा, लिंकला हात लावू नका. लिंक बंद करून बँकेचं स्वतःचं अॅप उघडा किंवा नेट बँकिंगमध्ये जा. क्रेडिट कार्डच्या भागात कुठेतरी ही यादी असते, प्रत्येक बँकेने नाव वेगळं ठेवलंय, कुठे मॅनेज ई-मँडेट, कुठे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, कुठे ऑटोपे, कुठे सबस्क्रिप्शन. काही बँका त्यासाठी वेगळ्या पोर्टलवर नेतात, तिथे कार्ड नंबर टाकून आत जावं लागतं, पण तेही बँकेच्या अॅपमधूनच जावं, गूगलवर शोधून नाही. ती यादी उघडली की लोक थक्क होतात. चालू असलेलं प्रत्येक मँडेट, कंपनीचं नाव, कमाल रक्कम, सुरू कधी झालं, संपणार कधी. काकांच्या एका मँडेटची संपायची तारीख बघितली तर त्यांचं तेव्हाचं वय त्यांनी मनातल्या मनात मोजलं आणि काही बोलले नाहीत.

रद्द करताना क्रम पाळावा असं माझं म्हणणं आहे. आधी कंपनीकडे सबस्क्रिप्शन रद्द, मग बँकेकडे मँडेट रद्द. नुसतं मँडेट काढलं तर पैसे जायचे थांबतात, पण कंपनीच्या हिशोबात तुम्ही ग्राहक राहता, आणि मग "तुमची रक्कम थकली आहे" असे मेल येत राहतात, म्हातारी माणसं त्याने घाबरतात. उलट नुसतं कंपनीकडे रद्द करून सोडून दिलं तर मँडेट तसंच उघडं राहतं. दोन्हीकडचा पुरावा ठेवायचा, रद्द झाल्याचा मेल किंवा स्क्रीनशॉट. काका तर रद्द झाल्याचा मेसेज डायरीत हाताने उतरवून घेतात, नंबर आणि वेळेसकट, आणि मी म्हणते हे सगळ्यात उत्तम, फोन बदलला तरी डायरी राहते. आणखी एक बारकावा, आधीचा मेसेज येऊन गेला असेल आणि उद्याच पैसे जाणार असतील तर नुसतं मँडेट काढून निर्धास्त होऊ नका. त्या वेळचा व्यवहारही स्पष्टपणे नाकारा आणि खरंच थांबला का ते परवा बघा, कारण मेसेज गेलेला व्यवहार आधीच वाटेला लागलेला असू शकतो.

अॅप फोनमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन गेलं, हा समज मात्र इतका पक्का बसलाय की काय सांगू. नाही जात. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबायचं, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जायचं आणि तिथून रद्द करायचं. आयफोनवर सेटिंगमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं त्यात सबस्क्रिप्शन्स. या दोघांकडून पैसे जातात तेव्हा स्टेटमेंटवर गूगल किंवा अॅपलचं नाव पुढे असतं, त्यामुळे मागे कुठलं अॅप आहे हे स्टेटमेंटवरून पुष्कळदा कळत नाही, ते इथेच येऊन बघावं लागतं. नातवंडं आजोबांच्या फोनवर गेम टाकतात, सुट्टी संपली की परत जातात, गेम आजी काढून टाकते आणि आठवड्याला ठरावीक रक्कम जातच राहते. आमच्या बिल्डिंगमध्ये हे एका घरी झालं होतं आणि सुनेवर उगाच संशय घेतला गेला होता. पैसे परत नाही मिळाले पण घरातलं वातावरण निवळलं.

परदेशी वेबसाइटचं वेगळं. तिथे कार्ड टाकलं की कित्येकदा ओटीपी येतच नाही, आणि रक्कम डॉलरमध्ये जाते, वर बँकेचं मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या व्यवहारावरचं जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी. फोटो पीडीएफमध्ये करून देणाऱ्या, बायोडाटा बनवून देणाऱ्या साइट असतात ना, एक डॉलरमध्ये काम करून देतात आणि पुढच्या महिन्यात पंचवीस-तीस डॉलर लावतात, त्या सगळ्या याच जातीच्या. तरुण मुलं फसतात यात, म्हातारी नाही. यावर एक सोपा उपाय आपल्या हातात आहे. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या कार्डांना चालू-बंदचं बटण सक्तीचं केलं, देशातले व्यवहार, परदेशातले, ऑनलाइन, दुकानातले, स्पर्श न करता होणारे, आणि प्रत्येकाची मर्यादाही आपण ठरवायची. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार बंद करून टाका, लागेल त्या दिवशी चालू करा, काम झालं की परत बंद. आमच्याकडच्या बहुतेक ज्येष्ठांना ते कधीच लागत नाहीत.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते, तिला हे सगळं सांगितलं तर तिला हेवा वाटला. तिकडे दर वेळी आदल्या दिवशी बँकेचा मेसेज असला प्रकार नाही. उलट कार्डाची मुदत संपून नवीन कार्ड आलं तरी नवा नंबर कार्ड कंपन्यांच्या यंत्रणेतून पुष्कळ दुकानदारांकडे आपोआप पोचतो, म्हणजे कार्ड बदललं म्हणून सुटका होईल असंही नाही. ग्राहकांचं हित बघणाऱ्या त्यांच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम आणला होता, जितक्या सहज सभासद होता येतं तितक्याच सहज बाहेर पडता आलं पाहिजे असा, पण जुलै २०२५ मध्ये, तो पूर्ण लागू व्हायच्या अगदी तोंडावर, तिथल्या अपील कोर्टाने तो रद्द केला. कारण दिलं ते प्रक्रियेतल्या त्रुटीचं. लाखो लोकांना हवा असलेला नियम कागदपत्राच्या एका पायरीवर अडला याचं मला फार वाईट वाटलं.

आपल्याकडेही या फसवेगिरीला आता कायद्याने नाव मिळालंय. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला गंडवायला केलेल्या अॅप-वेबसाइटवरच्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे तेरा प्रकार दिलेत आणि सबस्क्रिप्शनचा सापळा हा त्यातला एक. रद्द करणं अशक्य किंवा किचकट करून ठेवणं, रद्द करायची जागा लपवणं, फुकट सेवेसाठीही कार्डाची माहिती मागणं, रद्द करायच्या सूचना मुद्दाम गोंधळात टाकणाऱ्या ठेवणं, हे सगळं त्यात बसतं. नको म्हणणाऱ्याला ओशाळं करणारी वाक्यं लिहिणं हाही त्यातलाच दुसरा प्रकार. म्हणजे "नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही" असल्या बटणावर बोट ठेवायला लावणं. काकांना असलं एक बटण दाबायला लागलं तेव्हा त्यांचं बोट थांबलं होतं. "असं कसं म्हणू गं मी?" म्हणाले. त्यांना ते वाक्य खरंच लागलं. असली वाक्यं लिहिणाऱ्याला समोर कोण बसलंय हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

हे थांबवताना एक सावधगिरी मात्र हवी, रागाच्या भरात यादीतलं सगळंच उडवू नका. मेडिक्लेमचा हप्ता याच यादीत असतो. तो थांबला आणि सवलतीची मुदतही उलटली तर पॉलिसी खंडित होते, जुन्या आजारांसाठी इतकी वर्षं पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ हातचा जातो, आणि सत्तरीनंतर नवी पॉलिसी घेणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. एसआयपी, मुदतीचा विमा, कर्जाचे हप्ते, यांना आधी वेगळ्या कागदावर काढून ठेवायचं, मग उरलेल्यांकडे बघायचं.

पैसे जाऊनच गेले असतील तर? आधी कंपनीला लेखी मेल, फोन नाही. वापरलं नाही, नको आहे, परत करा. वार्षिक रिन्यूअल झाल्या झाल्या मेल केला तर पुष्कळ कंपन्या परत देतात, काकांच्या अँटिव्हायरसचे पूर्ण परत आले. तुम्ही मँडेट रद्द केलेलं असताना पैसे गेले असतील तर तो सरळ विनापरवानगी व्यवहार धरा आणि बँकेला ताबडतोब कळवा, तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत. विनापरवानगी व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती हे ठरवणारे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम अशा आपोआप कापण्यांनाही लागू आहेत, आणि त्यात उशीर झाला की आपली बाजू कमकुवत होते. बिलाबद्दल तक्रार केली की ३० दिवसांच्या आत बँकेने खुलासा द्यायचा असतो. तोवर काय करायचं, तर त्या दोनशे-तीनशेच्या रागात बिल अर्धवट भरू नका. पूर्ण बिलात थोडीही बाकी राहिली की व्याज सगळ्या खरेदीवर लागू शकतं, आणि क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. पूर्ण भरा, आणि भांडण चालू ठेवा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तक्रारींसाठीच्या त्यांच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन, फुकट, वकील लागत नाही, आणि मदतीसाठी १४४४८ नंबर आहे. कंपनीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीतून बोलता येतं.

काकांच्या त्या तिसऱ्या ओळीला, बँकेच्याच संरक्षण प्लॅनला, लेखी मेलचाच मार्ग लागला. तो मँडेटच्या यादीत सापडेना, कारण बँक स्वतःच बिलात धरत होती. कस्टमर केअरने तीन वेळा वेगवेगळी उत्तरं दिली. शेवटी आम्ही एक साधा मेल लिहिला, मी टाईप केला, शब्द काकांचे: या सेवेला मी स्पष्ट संमती दिल्याचा पुरावा पाठवावा, नसल्यास आजवर घेतलेली सर्व रक्कम परत करावी आणि पुढील नूतनीकरण बंद करावे. पुरावा मागितल्यावर सूर बदलला. चालू वर्षाचे परत आले आणि प्लॅन बंद झाला, मागच्या वर्षांचं अजून चालू आहे. काकांनी कार्डच बंद करायचं ठरवलं होतं, तोही त्यांचा हक्क आहे, बाकी शून्य असेल तर अर्ज दिल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेला कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. पण मागच्या वर्षांचा निकाल लागेपर्यंत ठेवतो म्हणाले.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते लोकांचं ओशाळणं. "दोनशे नव्याण्णवच तर आहेत, जाऊ दे की गं, कशाला एवढ्यासाठी." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय. हीच माणसं भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून घासाघीस करतात आणि त्यात त्यांना काही वाटत नाही, कारण भाजीवाला समोर असतो आणि तो सौदा त्यांना कळतो. इथे समोर कुणी नाही, भाषा आपली नाही, आणि मनात कुठेतरी भीती की विचारायला गेलो तर आपणच अडाणी ठरू. मी त्यांना सांगते, २९९ गुणिले बारा करा, ३,५८८ होतात. यात अडाणीपणा तुमचा नाही, ज्यांनी बंद करायचं बटण सातव्या पानावर ठेवलंय त्यांनी ते तुमच्यासारख्यांना सापडू नये म्हणूनच ठेवलंय.

रिझर्व्ह बँकेकडे माझ्या दोन मागण्या आहेत, आणि ग्राहक पंचायतीतल्या आमच्या ओळखीच्यांकडे मी त्या लिहूनही दिल्यात. एक, महिन्याच्या सबस्क्रिप्शनला २४ तास ठीक आहेत पण वर्षाचे पैसे एकदम जाणार असतील तर निदान आठवडाभर आधी कळवायला हवं, वर्षापूर्वी काय घेतलं होतं हे आठवून, घरात विचारून, ठरवायला एक दिवस पुरत नाही. दोन, हा मेसेज ग्राहकाने निवडलेल्या भाषेत यायला हवा. एटीएमवर मराठी आहे, पासबुकाच्या सूचना मराठीत येतात, मग ज्या मेसेजवर माणसाचे पैसे वाचायचे की जायचे ते ठरतं तोच इंग्रजीत का? "उद्या तुमच्या कार्डावरून अमुक कंपनी २९९ रुपये घेणार आहे. नको असल्यास बँकेच्या अॅपमध्ये जाऊन थांबवा." एवढंच लिहायचं आहे. हे वाक्य काकांना माझ्याकडे न येता कळलं असतं.